लेकींना विचारा म्हणे!

ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. जर्मनीचे चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्त्स स्थलांतरितांविषयी बोलताना म्हणाले की, आपल्या शहरांच्या रस्त्यांवर ‘हा प्रश्न’ अजूनही दिसतो आहे. म्हणजे नेमके काय दिसते, असे पत्रकारांनी काही दिवसांनी विचारले. उत्तर आले, तुमच्या मुलींनाच विचारा, मला काय म्हणायचे आहे ते!

मुलींनी उत्तर दिले. लगेच दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्यांच्या पक्षाच्या कचेरीसमोर हजारो माणसे जमली. ‘त्या मुली म्हणजे आम्हीच’ अशी त्या निदर्शनाची घोषणा होती. अनेक नामवंत स्त्रियांनी मिळून एक खुले पत्र काढले. आमच्या सुरक्षिततेची एवढी काळजी असेल तर लैंगिक आणि घरगुती हिंसेचे खटले नीट चालवा, रस्त्यांवर उजेड पाडा, असे त्यात मागितले होते. आमचे नाव घेऊन परक्यांवर बोट दाखवणे बंद करा, हे त्यांचे सांगणे होते.

आता यातली खरी गंमत ऐका. नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा बलात्कारच, असे जर्मन कायद्याने मानले ते १९९७ साली. त्या वर्षी मे महिन्यात संसदेत मतदान झाले तेव्हा १३८ सदस्यांनी विरोधात मत दिले. त्या १३८ जणांत हेच मेर्त्स होते. म्हणजे रस्त्यावरच्या परक्या पुरुषापासून लेकीला वाचवायचे, पण लग्न होऊन ती घरात गेली की तिथे कायद्याने डोकवायचे नाही!

मैत्रिणींनो, ही फक्त जर्मनीची गोष्ट असती तर मी आपल्या अंकाची पाने खर्ची घातली नसती. पण जगात जिथे जिथे परदेशातून आलेल्या माणसांविरुद्ध रान पेटवले जाते, तिथे तिथे काडी लावताना बाईचे नाव घेतले जाते. इंग्लंडमध्ये १९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल यांनी जे कुप्रसिद्ध भाषण केले, त्यात त्यांनी एका पत्राचा हवाला देऊन एका एकाकी गोऱ्या वृद्धेची कहाणी सांगितली होती. काळ्या शेजाऱ्यांच्या भीतीने ती घराबाहेर पडत नाही, असे चित्र त्यांनी उभे केले. अमेरिकेत २०१५ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली तीच मेक्सिकोतून बलात्कारी येत आहेत असे सांगत. आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर हे वाक्य ऐकायला पुढाऱ्याच्या सभेला जावे लागत नाही. आपल्याच बैठकीत, आपल्यातलीच एखादी म्हणते, “ती बाहेरच्यांची वस्ती झाल्यापासून आमच्या पोरींना संध्याकाळचं निघायची सोय राहिली नाही.” आपण गप्प बसतो. ती आपली मैत्रीण आहे, तिची भीती खरी आहे. पण त्या भीतीचे पुढे काय केले जाते, हे तिला सांगायचे आपण टाळतो. या लेखाचे कारण हे टाळणे आहे.

आधी लोकमताबद्दल. ‘लोकांच्या भावना’ या शब्दांपुढे आपण फार लवकर हात टेकतो. जणू परक्याचा तिटकारा माणसाच्या रक्तातच असतो. तसे असते तर तो सगळीकडे सारखा दिसायला हवा. गॅलप ही संस्था देशोदेशी लोकांना तीन साधे प्रश्न विचारत आली आहे. परदेशातून आलेली माणसे तुमच्या देशात राहणे चांगले की वाईट? ती तुमच्या शेजारी राहायला आली तर? आणि तुमच्या जवळच्या नात्यातल्या कुणाशी त्यांचे लग्न झाले तर? या तिन्हींच्या उत्तरांवरून नऊपैकी गुण काढतात. २०१९ साली कॅनडाला ८.४६ गुण मिळाले आणि उत्तर मॅसिडोनियाला १.४९. इतका फरक रक्ताने पडत नाही. तो पडतो इतिहासाने, कायद्याने, आणि सत्तेवरची माणसे रोज काय बोलतात त्याने.

तिसरा प्रश्न नीट पाहा. देशात राहू द्या, शेजारी राहू द्या, पण आमच्या नात्यात? जातीचा उंबरठा ज्या समाजाने ओळखला आहे त्याला हा प्रश्न समजावून सांगायला नको. परक्याविषयीचे मत शेवटी घरातल्या मुलीच्या लग्नापाशी येऊन थांबते. वंशाची शुद्धता असो वा जातीची, राखणदारी शेवटी बाईच्या कुशीचीच.

दुसरे असे की लोकांना जे दिसते असे वाटते, ते पुष्कळदा दिसतच नसते. इप्सॉस या संस्थेने २०१४ साली चौदा देशांत विचारले, तुमच्या देशात परदेशातून आलेली माणसे शंभरात किती? इटलीतल्या लोकांचा अंदाज निघाला ३०, खरा आकडा होता ७. अमेरिकेत अंदाज ३२, खरा १३. ब्रिटनमध्ये अंदाज २४, खरा १३. माणूस डोळ्यांनी मोजत नाही, भीतीने मोजतो. अर्थतज्ज्ञ आल्बेर्तो आलेसीना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली सहा श्रीमंत देशांतल्या पाहणीतून असेच दाखवले. स्थलांतरितांचा आकडा लोक भलताच फुगवून सांगत होते. शिवाय गरिबांसाठी सरकारने किती करावे हा प्रश्न विचारण्याआधी नुसता स्थलांतरितांचा विषय काढला, तरी गरिबांना मदत करण्याविषयीचा लोकांचा पाठिंबा घटत होता. बायांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. परक्याची भीती दाखवली की माणूस आपल्याच गरिबाच्या तोंडचा घास काढायला तयार होतो. मग ही भीती कुणाच्या फायद्याची, हे वेगळे सांगायला हवे का?

आणि मते बदलतात, झपाट्याने बदलतात. ज्या कॅनडाला २०१९ साली सर्वांत जास्त गुण होते, तिथेच २०२४ च्या पाहणीत ५८ टक्के लोक म्हणाले की फार माणसे येत आहेत. का? घरभाडी आभाळाला भिडली होती. राग निघाला तो पंजाबातून आलेल्या पोरापोरींवर, एका तळघरात पाच-सहा जणांनी राहून, रात्रपाळी करून शिकणाऱ्यांवर. खुद्द ओंटारियो सरकारने २०१९ साली स्थानिक विद्यार्थ्यांची फी कापली, महाविद्यालयांचे अनुदान वाढवले नाही, आणि महाविद्यालयांनी परदेशी विद्यार्थ्यांकडून कितीतरी पट फी घेऊन तिजोऱ्या भरल्या. त्यांच्या राहण्याची सोय कुणी केली नाही. घरे बांधली नाहीत ती सरकारने आणि बिल्डरांनी, आणि शिव्या खाल्ल्या त्या जालंधरच्या मुलीने! उलट अमेरिकेत बघा. २०२४ साली ५५ टक्के लोकांना बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी व्हायला हवी होती. वर्षभरात, धरपकडीची आणि हद्दपारीची दृश्ये पाहिल्यावर, २०२५ साली असे म्हणणारे ३० टक्केच उरले. लोकमत म्हणजे डोंगर नव्हे. ते घडवले जाते. म्हणून ते घडवण्यात आपलाही हात असला पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण तर काळीज चिरणारे आहे. ज्या देशाने वर्णद्वेषाविरुद्ध लढून स्वातंत्र्य मिळवले, त्या देशात मे २००८ मध्ये गरीब वस्त्यांतून परदेशी माणसांवर हल्ले झाले. ६२ माणसे मारली गेली. त्यांतले २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते! कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात, असे विचारून परका कोण ते ठरवले जात होते. शब्द आला नाही की संपले. पुढे ‘ऑपरेशन डुडुला’ नावाची टोळी सरकारी दवाखान्यांच्या दारात उभी राहून कागदपत्रे मागू लागली. २०२५ साली तर गरोदर बाया, तान्ही पोरे घेतलेल्या आया दारातूनच परत पाठवल्या गेल्या. दवाखान्यात डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, रांगा संपत नाहीत, हे सगळे खरे. पण झिंबाब्वेच्या गरोदर बाईला हाकलल्याने एक तरी नर्स वाढली का?

आता ज्या कायद्यांना ‘सीमेचे रक्षण’ म्हणतात, ते बाईच्या अंगावर कसे उतरतात ते पाहू.

अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहिला मोठा केंद्रीय कायदा केला तो १८७५ साली. त्याला पेज कायदा म्हणतात. त्यात वेश्याव्यवसायासाठी येणाऱ्या स्त्रियांना बंदी होती. प्रत्यक्षात प्रत्येक चिनी बाई वेश्याच असणार असे धरून चालत, आणि तसे नसल्याचे तिनेच सिद्ध करायचे. सगळ्या चिनी मजुरांवर बंदी आली ती त्यानंतर, १८८२ मध्ये. दार आधी बंद झाले ते बाईच्या तोंडावर.

जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक ३५ वर्षांची भारतीय शिक्षिका उतरली. तिथे राहणाऱ्या आपल्या नियोजित नवऱ्याशी लग्न करायला ती आली होती. अधिकाऱ्यांना संशय आला की ही आधीच विवाहित असावी. म्हणून काय केले? डॉक्टरकरवी तिची कौमार्य तपासणी केली! भारतीय बाई लग्नाआधी ‘अस्पर्श’च असणार, नसेल तर ती खोटे बोलते आहे, असे त्यांचे गणित. बातमी फुटल्यावर तिथल्या आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांनी विमानतळावर निदर्शने केली, भारतातही संताप झाला आणि ही प्रथा थांबवावी लागली. पुढे २०११ साली उजेडात आलेल्या सरकारी कागदपत्रांवरून कळले, की सत्तरच्या दशकात अशा किमान ८० तपासण्या झाल्या होत्या.

याच १९७९ साली आपल्याकडे काय चालले होते, आठवते ना? मथुरा प्रकरण. चंद्रपूर जिल्ह्यातली गरीब आदिवासी मुलगी, पोलीस ठाण्यातला बलात्कार, आणि तिला आधीच शरीरसंबंधांची सवय होती हे जमेस धरून आरोपींना सोडणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्याविरुद्ध चार कायदेशिक्षकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये खुले पत्र लिहिले आणि त्यातून आपली चळवळ पेटली. लंडनचा अधिकारी आणि आपली व्यवस्था, दोघांचा तर्क एकच होता. बाईचे म्हणणे खोटे, तिचे शरीर तेवढे साक्षीदार. म्हणूनच मी म्हणते, परदेशी बाईचा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. तो आपल्याच प्रश्नाचा दुसरा पदर आहे.

ब्रिटनमध्ये पुढे नवऱ्याच्या आधाराने आलेल्या बाईला एक वर्षाची अट होती. वर्षाच्या आत तो मारतो म्हणून घर सोडले, की देशही सोडायचा. मार खा नाहीतर हद्दपार हो! परत गेले तर माहेरचे दार उघडेल याची खात्री नाही. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या १९७९ साली सुरू झालेल्या संघटनेने यावर वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे १९९९ मध्ये हिंसा सिद्ध करणाऱ्या बायकांना सवलत मिळाली. आणि डेन्मार्क? समतेचे गोडवे गाणाऱ्या त्या देशाने जानेवारी २०१६ मध्ये कायदा केला, की आश्रय मागायला आलेल्यांकडे १० हजार क्रोनरपेक्षा जास्त किमतीचा ऐवज असेल तर तो जप्त करता येईल. लग्नाच्या अंगठीसारख्या भावनिक मोलाच्या वस्तू वगळल्या. युद्धातून पळताना बाई अंगावरचे किडूकमिडूक घेऊन निघते, ते तिचे शेवटचे बळ असते. फाळणीच्या वेळच्या बायकांना विचारा.

इथे कुणी म्हणेल, बाई, हे सगळे ठीक, पण स्थलांतरित पुरुष काय देव असतात? नसतात! पुरुष कुठलाही असो, पितृसत्ता त्याच्या सामानात असतेच. तो प्रश्न टाळला तर आपण खोट्या ठरू.

जर्मनीत कोलोन शहरात २०१५ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री रेल्वे स्थानकाबाहेर शेकडो स्त्रियांवर लैंगिक हल्ले झाले. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले पुष्कळ होते. पोलिसांनी आधी सांगितले की रात्र शांततेत गेली. हे झाकणे हा बायकांवरचा दुसरा अन्याय होता. इंग्लंडमध्ये रॉदरहॅम गावात १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलामुलींचे लैंगिक शोषण झाल्याचे २०१४ च्या अहवालात आले. अत्याचार करणारे बहुतांश पाकिस्तानी वंशाचे होते, आणि वंशद्वेषी म्हणवून घेण्याच्या भीतीने काही अधिकारी गप्प राहिले, हेही त्यात नोंदले आहे. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी सभांतून कुणी सांगत नाही. पोलिसांनी या मुलींकडे तुच्छतेने पाहिले. गरीब, अनाथालयातल्या, ‘वाया गेलेल्या’ पोरी, त्यांचे काय ऐकायचे! त्या मुली बहुतेक गोऱ्या होत्या, तरी गोऱ्या पोलिसांना त्या ‘आपल्या लेकी’ वाटल्या नाहीत. त्या लेकी झाल्या त्या मोर्चाला फलक हवा होता तेव्हा.

म्हणून आपली भूमिका स्वच्छ हवी. अत्याचार करणारा कुठलाही असो, त्याच्यावर खटला चाललाच पाहिजे. ‘त्यांची संस्कृती’ म्हणून सूट नाही. पण एकाच्या गुन्ह्यासाठी सबंध समाजाला शिक्षा, हेही नाही. कोलोननंतर जर्मनीतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी ‘अपवाद नाही’ या नावाने मोहीम काढून हेच मांडले. लैंगिक हिंसेला विरोध, वंशद्वेषालाही विरोध, कायम आणि सगळीकडे. जुलै २०१६ मध्ये तिथे ‘नाही म्हणजे नाही’ हा कायदा झाला. वर्षानुवर्षांच्या मागणीला यश आले, पण सरकारने त्याच वेळी परदेशी गुन्हेगारांच्या हद्दपारीची तरतूदही त्याला जोडून दिली. आपल्या मागणीच्या पाठीवर बसून दुसऱ्याची मागणी कशी आत शिरते, ते यातून शिकावे.

मग मते बदलतात कशाने? व्याख्यानांनी फार थोडी. एकत्र लढण्याने जास्त. १९६८ साली पॉवेल यांच्या भाषणानंतर लंडनचे गोदी कामगार त्यांच्या बाजूने संसदेवर चालून गेले होते. त्यानंतर आठ वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, उत्तर लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात संप झाला. संपाच्या पुढारी होत्या गुजरातेत जन्मलेल्या, टांझानियामार्गे आलेल्या जयाबेन देसाई. साडी नेसून, थंडीत फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या या बुटक्या बाईंबरोबर बहुतेक आशियाई स्त्रियाच होत्या. सक्तीचा जादा वेळ, लघवीला जायलाही परवानगी, या अपमानाविरुद्ध त्या उठल्या होत्या. त्यांच्यासाठी टपाल कामगारांनी कारखान्याची डाक अडवली, खाणकामगार बसगाड्या भरून आले. आणि जुलै १९७७ च्या मोठ्या निदर्शनात लंडनचे गोदी कामगारही त्यांच्या बाजूने उभे होते! संप १९७८ मध्ये हरला, वरिष्ठ युनियन नेत्यांनी हात आखडता घेतला, हे लपवायचे कारण नाही. पण नऊ वर्षांत गोदी कामगारांचे पाय कुठून कुठे आले ते पाहा. फाटकापाशी शेजारी उभे राहिल्यावर परकी बाई कामगार दिसू लागते.

आता आपल्या दारात येऊ. ज्यांच्या मुली-सुना नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेल्या, त्यांना परावलंबन काय ते ठाऊक आहे. २०१५ पर्यंत अशा बायकोला तिथे कमवायची परवानगीच नव्हती, त्यानंतरही सगळ्यांना नाही. शिकलेली पुण्याची मुलगी नवऱ्याच्या कागदावर जगते. त्याने हात उचलला तर कुणाकडे जायचे? तिच्यासाठी आपण हळहळतो. तिथे कुणी तिला “परत जा” म्हटले तर आपले रक्त उसळते. मग मुंबईत भांडी घासणारी बंगाली बोलणारी बाई दिसली की आपली जीभ का बदलते?

आपल्या शहराने १९६६ नंतर दाक्षिणात्यांना, २००८ मध्ये उत्तर भारतीयांना झोडपलेले पाहिले आहे. ते तर याच देशाचे नागरिक. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे कळल्यावर परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीतून पकडलेल्या एका गरोदर बाईला नवऱ्यासह आणि लहान मुलासह पलीकडे लोटले. उच्च न्यायालयाने परत आणा म्हटल्यावरही ती आणि तिचा मुलगा परत आले ते डिसेंबरमध्ये. कोपराला काय म्हणतात, हाच प्रश्न. फक्त भाषा वेगळी. आणि जी खरोखर सीमेपलीकडची आहे, तिलाही कायद्याची वाट, वकील आणि डॉक्टर मिळायला नकोत का? फसवून कुंटणखान्यात विकलेल्या मुलीचा गुन्हा काय?

राहता राहिली आपल्या मैत्रिणीची भीती. तिला आकडा सांगा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी बाईच्या ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचे वचन देणारा. शिवाय सज्ञान बायकोवरचा नवऱ्याचा बलात्कार जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हा ठरत नाही. जे पुढारी परक्यांपासून आपले रक्षण करायला निघाले आहेत, त्यांना आधी हे विचारा.

म्हणून काही गोष्टी आपल्या गटांनी ठरवून कराव्यात. बैठकीत ‘बाहेरच्यांमुळे’ हा शब्द आला की गप्प बसायचे नाही. काय घडले, कुठे, कुणी केले, दिवे होते का, तक्रार घेतली का, हे विचारायचे. तक्रार घेऊन आलेल्या बाईला आधी पाणी द्यायचे. गाव आणि कागद नंतर. घरकामगारांच्या संघटनेत जन्मगावावरून सभासदत्व ठरू द्यायचे नाही. आणि आपल्या नावाने कुणी मोर्चा काढला, की त्याच दिवशी, त्याच चौकात आपला फलक लावायचा.

लेकींना विचारा, असे ते म्हणतात ना? विचारा तर खरे. पण मग उत्तर पुरते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. त्यात रस्त्याचे नाव येईल, कचेरीचे येईल, पोलीस ठाण्याचे येईल आणि तुमच्या घराचेही येईल.